मुलाचं ‘कूल’ थंड असतं का?

पत्र :

सप्रेम नमस्कार.

मी एकसष्ट वर्षांची आहे. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर पेन्सिलीने चित्रं काढायला शिकले. गेल्या महिन्यात माझं एक चित्र पहिल्यांदाच प्रदर्शनासाठी निवडलं गेलं. भिंतीला टेकवून ठेवलेली लहान मुलाची सायकल, पुढचं चाक जरासं वाकलेलं. मुलगा नोकरीनिमित्त दूर असतो. त्याला चित्राचा फोटो पाठवला आणि खाली आठ-दहा ओळी लिहिल्या. चित्र कसं सुचलं, किती दिवस लागले, निवड झाल्याचं कळलं तेव्हा काय वाटलं. अर्ध्या तासाने उत्तर आलं, ‘कूल’. एवढंच.

आम्ही शिकलो तेव्हा ‘कूल’ म्हणजे थंड, गार. मला ते उत्तरही तसंच लागलं. नंतर चार दिवस मी त्याला काहीच लिहिलं नाही. भाची म्हणाली, ‘मावशी, अगं ते कौतुक आहे.’ तिच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वी जॅझच्या क्लबांमध्ये सिगारेटचा धूर कोंडायचा, मग खिडक्या उघडत, गार हवा आत येई आणि त्या हवेत वाजणाऱ्या संगीताला ‘कूल’ म्हणू लागले. मला हे पटलं नाही. थंड या शब्दाचा अर्थ ‘छान’ कसा काय होतो? मुलाने मला उडवून लावलं की शाबासकी दिली? आणि हा शब्द मी स्वतः वापरला तर शोभेल का?

– एक आई

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रातलं ते वाकलेलं चाक वाचून पुढे गेल्यावरही मनात राहिलं. त्याच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

आधी सरळ उत्तर देते. मुलाने तुम्हाला उडवून लावलेलं नाही. त्याच्या पिढीच्या तोंडी ‘कूल’ हा शब्द होकाराचा आणि पसंतीचा आहे. पण एवढं सांगून मी थांबले तर भाचीने सांगितलं त्यापेक्षा वेगळं काहीच दिलं नाही असं होईल. शिवाय तुम्हाला जे लागलं त्याचं कारण शब्दाच्या अर्थात अर्धंच आहे. आठ-दहा ओळींसमोर एकच शब्द आला, हे उरलेलं अर्धं. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या हाताळायला हव्यात, म्हणून आधी शब्दाकडे वळू.

तुम्ही शिकलात तो अर्थ चुकीचा नाही. तो मूळ अर्थ आहे आणि आजही जिवंत आहे. इंग्रजीत हा शब्द हजार वर्षांपेक्षा जुना आहे. जर्मन आणि डच भाषांत त्याची सख्खी भावंडं आहेत. खुद्द इंग्रजीत ‘कोल्ड’ आणि ‘चिल’ हे त्याच मुळाचे, आणि लॅटिनच्या वाटेने आलेले ‘जेली’ आणि ‘जिलेटिन’ हेही दूरचे नातेवाईक, कारण त्या मुळाचा अर्थ गार होणं, गोठणं असा. म्हणजे हल्लीची मुलं ‘चिल कर’ म्हणतात आणि ‘कूल’ म्हणतात तेव्हा एकाच घरातले दोन शब्द वापरत असतात.

आता प्रश्न असा की गारव्याचा शब्द माणसाच्या मनाला कधी लागला. तर जवळजवळ सुरुवातीपासून. ‘बेओवुल्फ’ हे जुन्या इंग्रजीतलं महाकाव्य. त्याचं हस्तलिखित इ.स. १०००च्या आसपासचं आहे. राक्षसाच्या त्रासाने पोळलेल्या राजाच्या मदतीला नायक येतो आणि किनाऱ्यावरच्या पहारेकऱ्याला म्हणतो की माझ्या सल्ल्याने कदाचित राजाच्या चिंतेच्या उकळ्या थोड्या थंडावतील. तिथे हाच शब्द आहे. आपण ‘जीव थंड झाला’ म्हणतो, ‘डोकं गार ठेव’ म्हणतो, तसंच ते. काळजी म्हणजे उकळी आणि दिलासा म्हणजे गारवा, हे समजायला इंग्रजी यावं लागत नाही.

शेक्सपिअरमध्ये एक जागा आहे, ती तुम्हाला मुद्दाम सांगते. ‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकात मुलाला पित्याचं भूत दिसतं, आईला दिसत नाही. तिला फक्त मुलाचा भडका दिसतो. ती त्याला विनवते की बाळा, तुझ्या या व्याधीच्या आगीवर थोडा गार धीर शिंपड. ‘गार धीर’ हे शब्द तिचेच. एक आई मुलाकडे ‘कूल’ मागते आहे! चारशे वर्षांपूर्वी आईला जी गोष्ट मुलाकडून हवीशी वाटली, तीच तुमच्या मुलाने पाठवली आणि तुम्हाला बोचली. शब्द तोच, प्रसंग मात्र पार उलटा.

तर मनाचा थंडपणा हा गुण म्हणून फार जुना. पण गुणाच्या शेजारी दोषही असतो. जो तापत नाही त्याला तुमची पर्वा नाही असंही वाटू शकतं. म्हणून इंग्रजीत ‘कूल’चा दुसरा अर्थ तितक्याच सहजतेने रुळला, तो म्हणजे अलिप्त, कोरडा, मन न देणारा. पाहुण्याचं स्वागत ‘कूल’ झालं तर ते वाईट झालं. आपणही ‘थंडा प्रतिसाद’ म्हणतो तो निंदेनेच. भाषांतराच्या कामात या एका शब्दापाशी मी जितक्या वेळा थांबले आहे तितकी क्वचितच दुसऱ्या शब्दापाशी थांबले असेन, कारण वाक्याची दिशा पाहिल्याशिवाय तो स्तुती आहे की तक्रार ते कळतच नाही. तुम्ही थबकलात यात तुमच्या इंग्रजीचा दोष नाही. शब्दच दुधारी आहे.

मधल्या काळात त्याने आणखी दोन वळणं घेतली. अठराव्या शतकात तो पैशाला चिकटला. हेन्री फील्डिंगच्या १७४९ सालच्या ‘टॉम जोन्स’ कादंबरीत जुगारात कुणीतरी ‘कूल शंभर’ हरतो. त्याचा अर्थ थंडगार शंभर पौंड असा नाही. आपण ‘चांगले शंभर गेले’ म्हणतो त्यातला ‘चांगले’ जे काम करतो, तेच. पुढे १८६१ साली पूर्ण झालेल्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये चार्ल्स डिकन्सने याची फार प्रेमाने दखल घेतली. त्यातला लोहार ज्यो मृत्युपत्राची बातमी सांगताना ‘कूल चार हजार’ म्हणतो, आणि निवेदकाच्या मनात येतं की या चार हजारांचं तापमान ज्योला कुणी सांगितलं कोण जाणे, पण ते गार आहेत असं म्हटल्याने त्याला ती रक्कम आणखी मोठी वाटत होती. तुम्हाला पडलेला प्रश्न डिकन्सलाही पडला होता, ताई. थंडपणाचा इथे काय संबंध?

दुसरं वळण निर्लज्जपणाचं. ज्याला अपराध करूनही घाम फुटत नाही तो ‘कूल’. याचं माझं आवडतं उदाहरण अब्राहम लिंकनचं आहे. फेब्रुवारी १८६०मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये त्याने भाषण केलं. त्याच वर्षी पुढे तो राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. गुलामगिरीच्या बाजूचे दक्षिणेतले लोक तेव्हा म्हणत होते की रिपब्लिकन पक्षाचा राष्ट्राध्यक्ष झाला तर आम्ही देश मोडू, आणि देश मोडल्याचं पाप तुमच्या माथी येईल. त्यावर लिंकन म्हणाला, ‘दॅट इज कूल.’ आणि लगेच त्याने दाखला दिला, की वाटमाऱ्या कानाला पिस्तूल लावून दातओठ खात पुटपुटतो, पैसे दे, नाहीतर मी तुला मारीन आणि मग खुनी तू ठरशील! आजचा एखादा विद्यार्थी ते भाषण वाचताना क्षणभर चकित होईल की लिंकनने ‘मस्तच’ का म्हटलं. त्याचा अर्थ होता, ‘काय ही हिंमत!’ किंवा आपल्या बोलीत, ‘शहाणेच आहात की!’

एकाच शब्दाने दिलासा, धीर, कोरडेपणा, भरघोस रक्कम आणि उर्मटपणा असं सगळं पेललं. उरला प्रश्न तुमचा, की ‘छान’ कुठून आलं. इथे भाचीच्या खिडक्यांची गोष्ट येते. ती गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते आणि ऐकायला गोड आहे. तुम्हाला ती पटली नाही, ते बरोबरच झालं. शब्दांच्या जन्मकथा एका खोलीत, एका रात्री घडल्याचं कुणी सांगितलं की मी तरी सावध होते. मनाच्या शांतीसाठी हा शब्द नऊशे वर्षं वापरात असताना तो संगीताला लागायला खिडकी उघडण्याची गरज नव्हती. शिवाय लेखी पुरावा वेगळीच वाट दाखवतो. झोरा नील हर्स्टन ही कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका; मानववंशशास्त्र शिकलेली, आपल्या लोकांची बोली कानात प्राण आणून ऐकणारी. तिच्या १९३३ साली छापून आलेल्या एका कथेत एक पात्र दुसऱ्या माणसाविषयी बोलताना म्हणतं की आणि त्यात ‘कूल’ काय, तर त्याच्यापाशी पैसाही साठलेला आहे. इथे ‘कूल’ म्हणजे विशेष, भारी, वाखाणण्यासारखं. ‘कूल जॅझ’ हे नाव रूढ होण्याच्या बरीच वर्षं आधी, गावातल्या साध्या माणसांच्या तोंडचं हे बोलणं आहे. शब्दाचा नवा अर्थ कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीत रुजला होता आणि संगीतकारांनी तो तिथून उचलला. उलट नव्हे.

मात्र जगभर तो त्यांनी नेला, हे खरं. १९२०च्या दशकात जॅझची स्तुती ‘हॉट’ या शब्दाने होई. लुई आर्मस्ट्राँगच्या पथकाचं नावच ‘हॉट फाइव्ह’ होतं. मग लेस्टर यंग हा सॅक्सोफोनवादक आला. त्या काळी त्या वाद्याचा भरदार, वजनदार सूर हा आदर्श मानला जाई. यंगचा सूर हलका, सावकाश, श्वासासारखा. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्याला चपटी टोपी, वाद्य तिरकं धरलेलं आणि बोलणं स्वतःच घडवलेल्या शब्दांचं. गायिका बिली हॉलिडेला ‘लेडी डे’ हे नाव त्याने दिलं. ‘कूल’ या शब्दाला आजचा रंग देऊन लोकांच्या ओठांवर नेण्याचं श्रेय सामान्यतः त्याला दिलं जातं. पुढे १९४९ आणि १९५० साली माइल्स डेव्हिसने नऊ वादकांच्या संचासह शांत, आवरलेल्या बांधणीचं संगीत ध्वनिमुद्रित केलं, आणि १९५७मध्ये ते एकत्र निघालं तेव्हा त्या तबकडीचं नाव होतं ‘बर्थ ऑफ द कूल’.

पण ताई, या भागात मला नावं आणि सालं यांपेक्षा कारण महत्त्वाचं वाटतं. हे वादक ज्या देशात वाजवत होते तिथे वर्णभेद कायद्याने चालत होता. ज्या जागेत रात्रभर वाजवायचं तिथे पुढच्या दाराने आत जाता येत नसे. रस्त्यात अपमान झाला आणि राग चेहऱ्यावर दिसला तर जिवावर बेतू शकत असे. शिवाय रंगमंचावर त्यांनी सतत हसतमुख राहावं, गोऱ्या प्रेक्षकांना खूष ठेवावं ही अपेक्षा वेगळी. लेस्टर यंगला १९४४ साली लष्करात भरती व्हावं लागलं, १९४५मध्ये त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि त्याने लष्कराच्या कोठडीत महिने काढले. अशा माणसाने काळा चष्मा लावून, चेहरा हलू न देता, अत्यंत कोवळा सूर काढणं याला मी नुसती ढब म्हणणार नाही. आत सगळं आहे, पण ते कुणाला दाखवायचं हे मी ठरवीन, असं ते सांगणं होतं. हसून दाखव म्हणणाऱ्याला हसू द्यायचं नाही आणि चिडवणाऱ्याला रागही द्यायचा नाही. ज्याला हे साधलं त्याच्याबद्दल आपल्या लोकांत आदर वाटे, आणि तो आदर ज्या शब्दाने बोलला गेला तो शब्द ‘कूल’. थंड या शब्दाचा अर्थ ‘छान’ कसा झाला, याचं माझं उत्तर हे आहे. थंड राहणं ज्यांना सर्वांत कठीण होतं, त्यांनी ते करून दाखवलं, म्हणून.

येल विद्यापीठातले कला-इतिहासकार रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन यांनी १९७३मध्ये ही वाट आणखी मागे नेली. पश्चिम आफ्रिकेच्या योरुबा लोकांत ‘इतुतू’ नावाची कल्पना आहे. तिचा शब्दशः अर्थ गारवा, आणि त्यात मनाची स्थिरता, सौम्यपणा, संकटात तोल न जाणं हे सगळं येतं. तिथल्या मूर्तींच्या शांत मिटल्या चेहऱ्यांत त्यांना तो दिसला. गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर हे मूल्य समुद्र ओलांडून गेलं आणि नव्या भाषेत त्याला ‘कूल’ हा तयार शब्द मिळाला, असं त्यांचं मांडणं होतं. शब्द इंग्रजीचा, त्याच्या आतला जीव दुसरीकडचा. मला हे मांडणं मोलाचं वाटतं, कारण शब्दांचे अर्थ कोशात बदलत नाहीत, माणसांच्या हालअपेष्टांमधून बदलतात.

नंतरचं थोडक्यात. गोऱ्या तरुणांनी शब्द उचलला, जाहिरातदारांनी उचलला, आणि जो शब्द कधी स्वाभिमानाची ढाल होता तो बूट आणि चष्मे विकू लागला. ‘स्वेल’ आणि ‘ग्रूव्ही’ यांसारखे त्याच्याबरोबरचे कितीतरी कौतुकशब्द आपापल्या दशकाबरोबर म्हातारे झाले. आज कुणी ‘ग्रूव्ही’ म्हटलं तर जुना काळ आठवतो. ‘कूल’ मात्र टिकला. माझ्या मते तो साधा असल्यामुळे टिकला. रोजच्या हवेसाठी आणि पाण्यासाठी वापरायचा शब्द जुना कसा होणार?

आता जरा मराठीकडे पाहा, म्हणजे ‘थंड’चा ‘छान’ हा प्रवास परका वाटणार नाही. ‘भारी’ म्हणजे जड. तरीही ‘चित्र भारी आहे’ असं कुणी म्हटलं तर तुम्ही वजनकाटा आणत नाही. ‘कडक’ म्हणजे ताठ, कठीण; आज ते शाबासकीचं विशेषण आहे. ‘खतरनाक’ तर सरळ धोक्याचा शब्द, आणि मुलं गाणं आवडलं की तोच म्हणतात. कौतुकाचे जुने शब्द वापरून वापरून बोथट होतात, मग दरवेळी तरुण माणसं नवा शब्द शोधतात. तो शोधताना ती टोकाला जातात. जड, कठीण, धोकादायक, पेटलेलं, गोठलेलं. इंग्रजीत ‘हॉट’ही स्तुती आहे आणि ‘कूल’ही. मधल्या तापमानाला मात्र दोन्ही भाषांत जागा नाही. ‘कोमट’ म्हणून कुणाचं कौतुक झाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

मग मुलाच्या उत्तरात कुठला ‘कूल’ होता? बोलताना हा शब्द ओळखायला एक गोष्ट पुरते : तो कशाला लावला आहे. माणसाच्या वागण्याला लावला, की तो माझ्याशी ‘कूल’ वागला, तर ते दुरावा सांगणं असतं. वस्तूला, बातमीला किंवा चित्राला लावला तर ते कौतुक. संकटातल्या माणसाला ‘कूल राहा’ म्हटलं तर तो ‘हॅम्लेट’मधल्या आईचा धीर. कुणी पदार्थ पुढे केल्यावर ‘आय अॅम कूल’ म्हटलं तर ‘नको, पुरे’. भांडणानंतर ‘वुई आर कूल’ म्हटलं तर ‘माझ्या मनात काही नाही’. तुमच्या मुलाने तो चित्राच्या खाली लिहिला. म्हणजे अर्थ कौतुकाचाच.

पण फोनवरच्या संदेशात त्याला आणखी एक काम लागलं आहे, आणि ते तुम्हाला माहीत असायला हवं. ‘मिळालं, वाचलं, ठीक’ एवढ्यासाठीही तो वापरतात. आपण फोनवर ‘हं’ म्हणतो, त्या ‘हं’इतकाच. ‘उद्या सहाला भेटू’ याला उत्तर ‘कूल’, आणि ‘माझं चित्र प्रदर्शनात लागलं’ यालाही उत्तर ‘कूल’. एकाच शब्दात कौतुक आणि पोच दोन्ही मावतात, म्हणून घाईतल्या माणसाला तो सोयीचा पडतो. वाचणाऱ्याला मात्र चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. बोलताना ‘कू’ जरा लांबवला की तेवढ्याने जीव येतो. अक्षरांत तो लांबवता येत नाही. अर्ध्या तासाने आलेलं एक शब्दाचं उत्तर कदाचित जिना चढताना लिहिलं असेल, कदाचित कामाच्या बैठकीत टेबलाखाली हात धरून.

आणि कदाचित वेगळंही असेल. इथे मी त्या चाकाकडे परत येते. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण लहान मुलाची सायकल, पुढचं चाक वाकलेलं, हे कुणी कल्पनेतून काढत नाही. ती त्याची असेल, तर त्याला ती ओळखू आली असण्याची शक्यता आहे. मोठ्या झालेल्या मुलाला भर कामाच्या दिवशी फोनच्या पडद्यावर आपलं बालपण आईच्या हातचं चितारलेलं दिसलं, तर काय लिहावं हे सुचेलच असं नाही. अशा वेळी माणसं सर्वांत लहान, सर्वांत सुरक्षित शब्द उचलतात. आत आहे ते झाकायला हा शब्द किती जुना आणि तयार आहे, ते वर सांगितलंच. असंच झालं असं मी म्हणत नाही. हेही होऊ शकतं, एवढं मनात ठेवा.

तरीही मुलाची बाजू घेऊन मी तुम्हाला गप्प बसवणार नाही. तुमची अपेक्षा रास्त होती. एकसष्टाव्या वर्षी नवं शिकून, निवड होऊन, आईने आठ-दहा ओळी लिहिल्या तर तिला निदान दोन ओळी मिळायला हव्यात. शब्द निर्दोष आहे म्हणून उत्तर पुरेसं ठरत नाही. हे त्याला सांगा. मात्र शब्दावरून बोलू नका. ‘तू मला कूल कसं म्हणालास’ असं विचारलंत तर तो अर्थ समजावून सांगत बसेल, तुम्ही ऐकत बसाल आणि मूळ गोष्ट राहून जाईल. ‘मला वाटलं होतं तू आणखी काही लिहिशील, मी वाट पाहत होते’, हे सरळ मराठीत म्हणा. तुमच्या आवाजात म्हणा, जमलं तर फोनवर बोलून.

आणि ते चार दिवस. रागावू नका, पण ते मला खुपले. त्याच्या एका शब्दाला तुम्ही शून्य शब्दांनी उत्तर दिलंत. तुम्ही गणिताच्या, म्हणून म्हणते, हिशेब तसाच मांडून पाहा. शब्दकोशातला कोरडा, अलिप्त ‘कूल’ या सगळ्यात कुठे असेल तर तो त्या चार दिवसांच्या मौनात आहे. त्याला तर कळलंही नसेल की काही बिनसलं आहे. न बोलून शिक्षा दिली तर ती ज्याला द्यायची त्याच्यापर्यंत पोचत नाही. ती आपणच भोगतो.

पुढच्या वेळी एक करून पाहा. लांब मजकूर पाठवलात की त्याच्या शेवटी असा एक प्रश्न ठेवा ज्याचं उत्तर ‘कूल’ने देता येणार नाही. ‘कसं वाटलं?’ हा तसा प्रश्न नाही, त्याला ‘कूल’ चालतं. ‘सावली डावीकडे जास्त गडद झाली आहे का?’ हा आहे. ‘यातलं तुला आधी काय दिसलं?’ हाही आहे. तुम्ही वर्गात मुलांना हो-नाहीचे प्रश्न विचारून थांबत नसाल. ती कसब इथेही उपयोगी पडेल. आणि त्याच्या उत्तरांची सवय बघा. तो सगळ्यांनाच असं त्रोटक लिहितो का, की फक्त तुम्हाला? सगळ्यांना लिहीत असेल तर ती त्याची लिहिण्याची ढब आहे. फक्त तुम्हाला लिहीत असेल तर मग बोलायची गोष्ट वेगळी आणि मोठी आहे, आणि तेव्हा मला पुन्हा लिहा.

तुमचा शेवटचा प्रश्न, तुम्ही हा शब्द वापरावा का? अवश्य वापरा. शब्द कुणाच्या वयाचा नसतो, आणि हा तर हजार वर्षांचा आहे. ‘उद्या उशीर होईल’ असं त्याने कळवलं, ‘कूल’ लिहा. त्याने नवीन काही केल्याचं दाखवलं आणि आवडलं, ‘कूल’ लिहा, पण सोबत एक ओळ तुमची असू द्या. दुःखाच्या बातमीला, आजारपणाला, कुणी मन मोकळं केलेलं असेल तिथे मात्र लिहू नका. तिथे हा शब्द दोन्ही धारांनी कापतो. औपचारिक पत्रातही नको. मराठीत बोलताना तो तुमच्या जिभेवर सहज येत नसेल तर ओढून आणायचीही गरज नाही. ‘छान’, ‘झकास’, ‘वा’ हे शब्द अजून उत्तम चालतात आणि ते आईकडून आले की मुलांना आवडतात, हे मी माझ्या घरात पाहिलेलं आहे.

आज रात्री त्याला एकच ओळ पाठवा. चित्र पुन्हा पाठवू नका, निवडीचं पुन्हा सांगू नका, चार दिवसांचा खुलासाही आत्ता नको. फक्त विचारा, ‘चाक कसं वाकलं होतं, आठवतंय का तुला?’